ऊन पाण्याचे दैवत

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडून वाहणारी पैनगंगा बऱ्याच अंतरापर्यंत विदर्भ आणि मराठवाडा यांची सीमा सांभाळते, आणि याच टापूत जमिनीतून आपोआप ऊन पाणी वर येण्याची काही ठिकाणे आहेत. यवतमाळ जिल्ह्यातील कापेश्वर आणि वणी परिसरातील कायर ही त्यांपैकी दोन. त्यांहून अधिक नावाजलेले उनकेश्वर हे नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या काठी आहे. ‘उष्ण’चे प्राकृतात ‘उण्ह’ आणि मराठीत ‘ऊन’ झाले, आणि त्या शब्दाला ईश्वर जोडून हे गावाचे नाव सिद्ध झाले. जळगाव जिल्ह्यातील उनपदेव आणि कोकणातील उन्हवरे, उन्हेरे ही नावेही त्याच कुळीची आहेत. या भागात जागृत ज्वालामुखी नाही. भेगांतून खोल झिरपलेले पावसाचे पाणी, दर किलोमीटरमागे साधारण 25 ते 30 अंशांनी वाढत जाणाऱ्या भूगर्भातील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेतून पृष्ठभागावर परतते, एवढाच या चमत्काराचा भौतिक भाग आहे. प्रश्न पुढचा आहे: तापलेले पाणी तीर्थ कशामुळे होते?

हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही, कारण धर्मशास्त्राचे ऊन पाण्याशी फारसे सख्य नाही. स्नानाचे नित्य (रोजचे), नैमित्तिक (ग्रहणासारख्या निमित्ताने करावयाचे) आणि काम्य (विशिष्ट फळाच्या इच्छेने केलेले) असे भेद शास्त्रकारांनी केले, आणि तापवलेल्या पाण्याने शरीर स्वच्छ झाले तरी स्नानाचे पुण्य पुरते पदरी पडत नाही असे मतही नोंदवले. आजाऱ्याला तेवढी सवलत दिली. या मतामागे कष्टाची कल्पना असावी. पौषातल्या पहाटे नदीत उतरणाऱ्याने काही सोसलेले असते, तर बंबात काटक्या सरकवून पाणी तापवणाऱ्याने सोय पाहिलेली असते. पण कुंडातले पाणी ऊन असूनही कोणी तापवलेले नसते. येथे ‘स्वयंभू’ ही कल्पना उपयोगी पडते. जे शिवलिंग कोणी घडवले नाही, जे आपोआप प्रकटले, ते स्वयंभू आणि म्हणून घडवलेल्या लिंगाहून श्रेष्ठ, असा लोकमानसाचा निर्वाळा असतो. त्याच न्यायाने बंबातील ऊब ही माणसाची सोय ठरते आणि कुंडातील ऊब स्वयंभू ठरते. पाण्याचा गुण एकच असतो, फरक पडतो तो कर्त्याच्या असण्या-नसण्याने.

दुसरी अडचण वैद्यकाकडून येते. ऊन पाणी मानेखालच्या अंगावर घेतल्यास बळ वाढते, मात्र तेच डोक्यावर घेतल्यास केसांची व डोळ्यांची हानी होते, असे वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त सांगितले आहे. तीर्थस्नानाला मात्र बुडी लागते. डोके कोरडे ठेवून केलेले स्नान भाविकाच्या लेखी अर्धेच. त्यामुळे थंडीच्या दिवसांत वाफाळणाऱ्या कुंडाच्या पायरीवर उभा राहिलेला, गळ्यापर्यंत पाण्यात उतरून तळातून वर येणारे बुडबुडे पाहत क्षणभर थांबलेला आणि मग नाक दाबून डोके पाण्याखाली नेणारा माणूस, त्याला ठाऊक नसले तरी, त्या क्षणापर्यंत रुग्ण असतो आणि तेथून पुढे यात्रेकरू होतो.

उनकेश्वरची स्थलकथा शरभंग ऋषींची आहे. त्यांना कुष्ठरोग जडला होता, वनवासातील रामाने बाण मारून जमिनीतून ऊन पाणी काढले आणि त्या पाण्याने ऋषींची काया पूर्ववत झाली, असे ती सांगते. हीच कथा दूर खानदेशात उनपदेवलाही सांगितली जाते, म्हणजे एकाच ऋषीला दोन कुंडांनी वाटून घेतले आहे; पुराणकथांत असे वाटे नेहमीच पडतात आणि त्यावरून कोणी भांडतही नाही. वाल्मीकींच्या अरण्यकांडात मात्र शरभंगाला रोग नाही, बाण नाही आणि झराही नाही. तेथे वृद्ध शरभंग रामाचे दर्शन होताच अग्नीत प्रवेश करतो, अग्नी त्याचे केस, जीर्ण त्वचा, हाडे आणि रक्तमांस जाळतो, आणि त्या ज्वाळांतून तो तेजस्वी कुमार होऊन वर येतो. स्थलकथा रचणारे हा प्रसंग विसरले असे म्हणण्यापेक्षा त्यांनी तो आपल्या भूमीला साजेसा करून घेतला, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. अग्नीच्या जागी अग्नी पोटात घेतलेले पाणी आले, आणि जीर्ण त्वचेच्या जागी रोगट त्वचा आली. मूळ प्रसंगात ऋषी देह टाकून ब्रह्मलोकी जातो, तर लोककथेत तो देह दुरुस्त करून येथेच राहतो. हा बदल लहान नाही. मोक्षाची कथा आरोग्याची झाली की दैवताकडे फळाचा हिशेब मागता येतो.

असा हिशेब मागताना मीमांसकांनी घालून दिलेली एक शिस्त आठवावी लागते. कर्माचे प्रत्यक्ष दिसणारे फळ ते ‘दृष्ट’ आणि पुण्यासारखे न दिसणारे ते ‘अदृष्ट’. जेथे दृष्ट फळाने काम भागते तेथे अदृष्टाची कल्पना करू नये, असे ते मानतात. उन्हाळ्याच्या (झऱ्याला कोकणात हाच शब्द आहे) गंधकयुक्त पाण्याने खाज शमत असेल, सांध्यांची ठणक कमी होत असेल, तर ते दृष्ट फळ झाले. त्यासाठी बाण, राम किंवा कुंडाकाठचा शिवही आवश्यक नाही. कुष्ठरोगाच्या बाबतीत तर दृष्ट फळाचा दावाही टिकत नाही. 1873 मध्ये नॉर्वेच्या हॅन्सेनने या रोगाचा जंतू शोधला, 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली, आणि आता ठरावीक महिने गोळ्या घेऊन रोग पूर्ण बरा होतो. उलट या रोगात हातापायांची संवेदना गेलेली असते, त्यामुळे चटका कळत नाही आणि ऊन पाणी हेच जखमेचे कारण ठरू शकते. अशा रुग्णाला पाय साध्या पाण्यात भिजवून तेल लावण्यास सांगतात. वणीहून वर्धा नदी ओलांडली की फार दूर नसलेल्या वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन करून आनंदवन उभारले, तेथे शेती आणि श्रम होते. बाण मारून पाणी काढण्याऐवजी विहीर खणली गेली.

येथे तीर्थ निकालात निघाले असे मानण्याची घाई होते, पण अन्यत्रचा अनुभव तसे सांगत नाही. बुडापेस्ट शहरात डॅन्यूबकाठी रोमन लोकांची स्नानगृहे होती. 1541 ते 1686 या तुर्की अमदानीत सोकोल्लू मुस्तफा पाशाने तेथे रुदास हे घुमटाखालच्या अष्टकोनी कुंडाचे स्नानगृह बांधले, आणि 1913 मध्ये सेचेनी हे भव्य स्नानगृह खुले झाले. रोमन देवता गेल्या, तुर्क गेले, त्यांच्यामागून आलेल्या ख्रिस्ती राज्यकर्त्यांनी तुर्की घुमट तसेच ठेवले, आणि आज तेथे लोक तिकीट काढून पाण्यात बसतात, कोणी बुद्धिबळही खेळतात. दृष्ट फळ दैवताविना सुखाने नांदते, हे त्या शहराने दाखवले. पैनगंगेच्या खोऱ्यात नेमके उलट दिसते: दृष्ट फळाचा मोठा भाग औषधाच्या दुकानाकडे गेला, तरी कुंडावरची गर्दी सरली नाही. ज्याची कातडी निरोगी आहे, ज्याला मागायचे काही उरलेले नाही, तोही नारळ आणि फुले घेऊन येतो. त्याचे स्नान काम्य म्हणता येत नाही आणि नैमित्तिकही म्हणता येत नाही. कोणी न तापवलेले पाणी अंगावर घेणे, एवढेच त्याचे कारण असते, आणि स्वयंभूपणाचे अदृष्ट फळ शोधायचे तर ते तेथेच सापडण्याचा संभव आहे.

याच टापूतील माहूरगडाबद्दल मात्र परंपरेचे म्हणणे असे की, दत्तात्रेय निद्रेला गडावर येतात, भिक्षा कोल्हापुरी मागतात आणि स्नान करतात ते काशीला, गंगेच्या गार पाण्यात.