वाल्या वाल्याच राहिला तर?

गेल्या दिवाळीची गोष्ट. मी करंज्यांचे सारण ढवळीत होते आणि नात शेजारी बसून खोबरे खात होती. एकाएकी तिने विचारले, "आजी, एखादा माणूस तुला मुळीच आवडत नाही, आणि त्याने एक चांगली गोष्ट केली, तर तू काय करशील?"

"गोष्ट किती चांगली आहे ते आधी पाहीन," मी म्हटले.

ती हसली. "मग रात्री माझ्याबरोबर एक सिनेमा पाहा. तासाभराचाच आहे."

अशा रीतीने वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मी पहिला जपानी 'अ‍ॅनिमे' पाहिला. चित्रे काढून केलेला सिनेमा म्हणजे पोराबाळांची करमणूक, अशी माझी समजूत होती. ती पहिल्या पाच मिनिटांतच गळून पडली.

चित्रपट 2019 सालचा. नाओयोशी शिओतानी या दिग्दर्शकाचा. 2012 मध्ये सुरू झालेल्या 'सायको-पास' या मालिकेतून तो निघाला आहे, आणि त्याचे नाव आहे 'क्राइम अँड पनिशमेंट'. दस्तयेव्हस्कीच्या कादंबरीचेच नाव! पण त्यातला काळ पुढचा, 2117 सालचा. त्या जपानात 'सिबिल' नावाची एक यंत्रणा प्रत्येक माणसाचे मन मोजते. मनात गुन्हेगारी किती दडली आहे याचा आकडा ती काढते. आकडा शंभराच्या वर गेला, की त्या माणसाने अद्याप काहीही केलेले नसले तरी तो संभाव्य गुन्हेगार ठरतो. तीनशेच्या वर गेला, तर पोलिसाच्या हातातली बंदूक त्याला जागच्या जागी संपवू शकते. गोळी सुटावी की नाही, हेही आकडाच ठरवतो. वकील नाही, साक्षीपुरावा नाही, काही नाही.

या चित्रपटाची नायिका मिका शिमोत्सुकी नावाची तरुण पोलीस अधिकारी आहे. पडद्यावर ती येताच नात म्हणाली, "ही मला अजिबात आवडायची नाही. कुणालाच आवडायची नाही." मग तिने मला पूर्वकथा सांगितली. 2014 च्या दुसऱ्या मालिकेत ही मुलगी नोकरीत नवखी होती. नियमावर बोट ठेवणारी, तोंडाने फटकळ, हाताखालच्या माणसांना तुच्छ लेखणारी. आपल्या वरिष्ठ बाईंचा तिला मत्सर. त्यांच्याविषयीची माहिती ती एका दुष्ट माणसाच्या हाती देते, आणि त्यातून त्या बाईंच्या म्हाताऱ्या आजीचा खून होतो. पुढे त्या यंत्रणेचे भयंकर गुपित तिला कळते, तर बंड करायचे सोडून ती यंत्रणेचीच स्तुती करते. अशा पात्राचा राग न येईल तरच नवल!

आता चित्रपटाची कथा. एक बाई गाडी भरधाव हाकीत पोलीस खात्याच्या इमारतीवर आदळते. उत्तर जपानातल्या आओमोरी येथे संभाव्य गुन्हेगारांना वेगळे ठेवण्याची एक जागा आहे. 'अभयस्थान' अशा अर्थाचे तिचे नाव. ही बाई तिथली समुपदेशक. तिची चौकशी होण्याआधीच तिला परत पाठवण्याचा हुकूम येतो, आणि मिका तिला पोहोचवायला जाते. तिथे पाहते तो काय, सगळे कैदी शांत, हसतमुख, एकदिलाने कामाला लागलेले. त्यांच्या मनांचे आकडे कसे स्वच्छ! पण ती शांती औषधांची आहे. माणसांना गुंगवून घातक कामाला जुंपलेले आहे. आणि त्या बाईची धडपड एका लहान मुलाला तिथून वाचवण्याची आहे.

मिका त्या दोघांच्या बाजूने उभी राहते. कशाच्या बळावर? कोणता साक्षात्कार झाला तिला? काहीही नाही. ती तीच हट्टी, तीच उद्धट, 'माझेच बरोबर' म्हणणारी मुलगी राहते. सिबिलवरची तिची श्रद्धाही ढळत नाही. फक्त आजवर ज्या हट्टाने ती लोकांना छळत आली, तोच हट्ट एका पोराच्या आणि त्याला वाचवू पाहणाऱ्या बाईच्या आड येणाऱ्यांपुढे उभा राहतो.

मला रात्री बराच वेळ झोप आली नाही. आपण लहानपणापासून वाल्या कोळ्याची गोष्ट ऐकत आलो. त्याच्यावर वारूळ चढते, आणि आतून निघतो तो वाल्मीकी. वाल्या नाहीसाच होतो. उद्धार म्हणजे संपूर्ण कायापालट, अशी आपली कल्पना. पण वारूळ चढलेच नाही, वाल्या वाल्याच राहिला, आणि तशातच त्याने एका पोराला वाचवले, तर त्याला काय म्हणायचे? या प्रश्नाला माझ्या पोथ्यांत उत्तर नव्हते. माझ्या घरात मात्र होते, आणि ते मी तीस वर्षे टाळत आले होते.

माझी धाकटी जाऊ. 1979 साली मी शाळेत शिकवीत होते आणि पगारातले चाळीस रुपये दरमहा गुपचूप माझ्या विधवा आईला मनिऑर्डरने पाठवीत होते. जावेने पावती पाहिली आणि सासूबाईंना सांगितले. सासूबाईंनी आईला पत्र घातले. त्यात काय होते हे मला कधी कळले नाही. पण त्यानंतरची प्रत्येक मनिऑर्डर आईने परत केली, आणि पुढच्या वर्षी ती गेली. शेवटच्या दुखण्यातही तिने माझा एक पैसा घेतला नाही. ते मी जावेच्या नावावर मांडून ठेवले आहे.

पुढे 1994 मध्ये आम्ही डोंबिवलीला राहत होतो. शेजारच्या खोलीत एक म्हातारी होती. मुलाने जागा स्वतःच्या नावावर करून घेतली होती आणि तो तिला उपाशी ठेवीत असे. भिंतीपलीकडचे तिचे रडणे मला ऐकू येई. मी, सुशील, समंजस, दुसऱ्याच्या घरात नाक न खुपसणारी! मी टीव्हीचा आवाज वाढवीत असे. एके दिवशी जाऊ आमच्याकडे राहायला आली. दुसऱ्याच्या घरात काय शिजते याचा वास काढायची तिची जुनी खोड. दोन दिवसांत तिने सगळे शोधून काढले, तिसऱ्या दिवशी जिन्यात उभी राहून त्या मुलाचे नाव घेऊन ओरडली, आणि चौथ्या दिवशी म्हातारीला हाताला धरून पोलीस चौकीत गेली. ज्या चोंबडेपणाने माझ्या आईचा घास गेला, त्याच चोंबडेपणाने त्या म्हातारीला घास मिळाला.

'स्वभावाला औषध नाही' असे आपण कपाळावर हात मारून म्हणतो. पण आओमोरीच्या त्या जागेत स्वभावाला औषध सापडले आहे, आणि त्याचा परिणाम आपण पाहतो. सगळे गुणी, आणि एकही जण कुणासाठी ओरडणारा नाही. त्या जिन्यात माझे तसेच झाले होते. मला औषधाचीही गरज पडली नव्हती.

म्हणून जुने पाप फिटले काय? मला तसे वाटत नाही. मिकाने वाचवलेला मुलगा त्या मेलेल्या आजीच्या खात्यावर जमा करता येत नाही, आणि शेजारची म्हातारी माझ्या आईच्या खात्यावर. एकाचे देणे दुसऱ्याला देऊन चुकते होत नसते. चित्रपटाने मिकाला निर्दोष सोडले असते, तर मी तो खोटा मानला असता. तो फक्त एवढेच दाखवतो, की तिच्याविषयी आपण काढलेला आकडा शेवटचा नव्हता.

आणि इथे एक गोष्ट मला बोचली. सिबिलची ती क्रूर बंदूकसुद्धा समोर धरली, की दर वेळी माणसाला नव्याने मोजते. मी जावेला 1979 मध्ये एकदा मोजले. त्यानंतर बंदूक रोखून धरली होती, पण आकडा पाहिलाच नव्हता.

पाडव्याला ती जेवायला आली. सवयीप्रमाणे चकलीचा तुकडा तोंडात टाकून सर्वांसमक्ष म्हणाली, "वहिनी, मोहन कमी पडलं हो. दात पडतील एखाद्याचे."

दर वर्षी अशा वेळी मी उठून आत जाते. या वेळी बसून राहिले. चकली खरोखरच कडक झाली होती.