पत्राचें वजन

सत्ता ज्याच्या हातीं आहे त्यानें एखादी जुनी व्यवस्था मोडून नवी घालावयाचें ठरविलें, म्हणजे त्या व्यवस्थेंत वाढलेल्या साध्या माणसांना बहुधा एकच गोष्ट करितां येते. तीं पत्र लिहितात. त्या पत्रांत हिशेब थोडा आणि जिव्हाळा फार असतो, म्हणून कारभारी लोक तीं भावनेचा उमाळा समजून बाजूस सारतात. तेव्हां प्रश्न असा कीं, जिव्हाळा हें एक कारण होऊं शकतें काय? आणि होत असल्यास विचारी अधिकाऱ्यानें त्याला किती वजन द्यावें?

जर्मनींतील ट्रियर या कॅथलिक धर्मप्रांताची अलीकडील हकीकत या प्रश्नावर चांगला प्रकाश पाडते. तेथील बिशप स्टेफान आकरमान यांच्या पुढाकारानें भरलेली धर्मसभा २०१३ पासून २०१६ पर्यंत चालली, आणि तिच्या ठरावांच्या पाठोपाठ प्रांतांतील ८८७ धर्मग्रामांचे अवघे ३५ करण्याची योजना पुढें आली. धर्मग्राम हा आपल्या वसईकडील ख्रिस्ती बांधवांचा शब्द. चर्च, त्याचा प्रमुख धर्मगुरु आणि त्यांच्याभोंवतीं नांदणारी श्रद्धावंतांची मंडळी मिळून तो होतो. योजना लहरीखातर निघाली नव्हती. धर्मगुरु कमी होत चालले होते, उपासनेस येणारांची संख्या रोडावत होती. थोड्यांनीं पुष्कळ ठिकाणें सांभाळावीं तरी कशीं, ही अडचण खरी होती.

तरीही कांहीं धर्मगुरूंनीं व सामान्य श्रद्धावंतांनीं रोमकडे लेखी तक्रारी केल्या, आणि नोव्हेंबर २०१९ मध्यें रोमनें योजनेची अंमलबजावणी थांबविली. जुलै २०२० मध्यें व्हॅटिकननें एक निर्देशपत्र प्रसिद्ध केलें. धर्मगुरूंची उणीव किंवा प्रांताची सर्वसाधारण आर्थिक ओढाताण एवढ्यावरून धर्मग्राम मोडूं नये. ज्याचा निकाल करावयाचा त्या धर्मग्रामाचींच कारणें पाहावीं, असा त्याचा आशय होता.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. पत्र लिहितात ते कोण? जो तरुण गांव सोडून गेला तो लिहीत नाहीं. चार गांवांच्या उपासना उरकून थकलेल्या धर्मगुरूलाही लिहावयास सवड नसते. शिवाय, रविवारीं चर्चची पायरी न चढणारा मनुष्यही घंटा मात्र बंद पडूं नये म्हणून हळहळतो. खुद्द पॅरिश हा शब्द ज्या ग्रीक मुळापासून आला, त्याचा अर्थ परक्या ठिकाणीं केलेली वस्ती असा आहे. जो धर्म आपल्या अनुयायांना या जगांतले पाहुणे समजतो, त्याच्या अनुयायांनीं दगडाविटांना कवटाळून बसावें हें विसंगत नाहीं काय?

आक्षेप सबळ आहे. परंतु तो इमारतीपुरता. कोणती म्हातारी अंथरुणाला खिळली आहे, कोणाच्या घरीं दुःख झालें असतां कोण धांवून जातो, शेजारच्या चर्चपर्यंत जावयास वाहन मिळतें कीं नाहीं, हें ज्ञान कोणत्याही दप्तरांत नसतें. कोणी लिहून कळवीपर्यंत अधिकाऱ्याच्या लेखीं तें नसल्यासारखेंच. म्हणून असें पत्र ही साक्ष आहे. आणि साक्ष ऐकल्यावांचून दिलेला निवाडा बरोबर ठरला तरी न्याय्य ठरत नाहीं.

१९८३ च्या चर्च-कायद्यानें ही गोष्ट आपल्या परीनें ओळखली आहे. धर्मग्राम मोडण्याचा अधिकार बिशपचा. पण त्यापूर्वीं त्यानें धर्मगुरूंच्या मंडळाचें म्हणणें ऐकलें पाहिजे. आज्ञेनें ज्याची हानि झाली त्यानें १० दिवसांच्या आंत लेखी अर्ज करावयाचा, तो आधीं त्याच बिशपकडे. दाद न लागल्यास मग रोमकडे. ज्याची आज्ञा त्याच्यापुढेंच पहिला अर्ज, हें विचित्र वाटतें. परंतु दुसऱ्यानें चूक दाखविण्यापूर्वीं स्वतः फेरविचार करण्याची संधि त्यामुळें त्याला मिळते.

पत्रें नेहमींच जिंकतात असें नाहीं. अमेरिकेंत बोस्टन धर्मप्रांतानें २००४ मध्यें अनेक धर्मग्राम बंद करण्याचें ठरविलें, तेव्हां सिच्युएट या गांवच्या लोकांनीं आपल्या चर्चमध्यें अहोरात्र पहारा ठेविला. रोममध्यें दाद लागली नाहीं, देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेंही हात घातला नाहीं, आणि मे २०१६ मध्यें त्यांना बाहेर पडावें लागलें. ट्रियरमध्येंही जुनें जसेंच्या तसें राहिलें नाहीं. तेथें ३५ मोठीं क्षेत्रें पुढें झालींच; मात्र सर्व धर्मग्राम एका फटक्यांत मोडले गेले नाहींत.

म्हणून पत्राचें वजन त्याच्या यशावरून किंवा सह्यांच्या संख्येवरून ठरवूं नये. ‘मोडूं नका’ एवढेंच म्हणणारें पत्र हलकें होय. मोडल्यास कोणतें काम अडेल, आणि न मोडल्यास त्यांतलें किती काम आम्ही अंगावर घेऊं, हें जें पत्र सांगतें तें वजनदार. अशा पत्राला सकारण नकार देण्याचा अधिकार सत्तेला आहे. तें उत्तरावांचून ठेवण्याचा नाहीं.