टेबल एक, कढया वेगळ्या

सिंगापूरच्या लिटल इंडियातलं टेक्का सेंटर, म्हणजे फेरीवाल्यांच्या गाळ्यांचं खाद्यकेंद्र. दुपारी जेवणाची वेळ. जमिनीत रोवलेली स्टुलं, आणि रिकाम्या टेबलावर एक टिश्यूपेपरचं पाकीट. म्हणजे जागा धरलेली आहे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात, त्याचीच ही सिंगापुरी आवृत्ती. तिथे तिला ‘चोप’ म्हणतात.

एका गाळ्यावर तमिळ मुसलमान आचारी भल्यामोठ्या कढईत पिवळ्या नूडल्स परततोय. अंडं, बटाटा, टोमॅटो, लाल मिरचीचं वाटण. उलथन्याचा खणखणाट थांबत नाही. पदार्थाचं नाव मी गोरेंग. (हा ‘मी’ अहंकाराचा नव्हे! होक्किएन बोलीत ‘मी’ म्हणजे नूडल्स. ‘गोरेंग’ हा तळलेलं या अर्थाचा मलाय शब्द.) नूडल्स चिनी, आडनाव मलाय, हात भारतीय मुसलमानाचे.

ही बशी घेऊन एखादा मुसलमान टेबलाशी बसतो, तेव्हा समोरचा चिनी गृहस्थ ‘बाक चोर मी’ भुरकत असू शकतो. त्यात डुकराचा खिमा असतो. शेजारच्या आजीबाईंपुढे बिनमांसाच्या तांदळाच्या शेवया. अनेक चिनी बौद्ध चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस वर्ज्य करतात. कडक पाळणारे कांदा-लसूणही सोडतात. कांदेनवमीला भजी उडवून चातुर्मास धरणाऱ्या घरांना यात नवल वाटायचं कारण नाही.

मग ही एक पंगत म्हणायची की तीन? विटाळ नक्की कशाचा होतो: अन्नाचा, भांड्याचा की माणसाचा?

पुण्याने १८९० साली याचं उत्तर दिलं होतं. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. त्याच मंडळींतल्या गोपाळराव जोशींनी पाहुण्यांची नावं छापून आणली आणि शहरात ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, उभं राहिलं. रानडे आणि टिळक, दोघांनाही पुढे प्रायश्चित्त घ्यावं लागलं. चहात निषिद्ध काहीच नव्हतं. देणारा हात ख्रिस्ती होता, एवढंच.

सिंगापूरने विटाळाची रेघ माणसावरून उचलून भांड्यावर ओढली. हलाल प्रमाणपत्राची व्यवस्था तिथे १९७८ पासून आहे. कढई वेगळी, बशी वेगळी, घासणं वेगळं. टेबल मात्र सगळ्यांचं. हे कुण्या संताच्या उपदेशाने झालेलं नाही. रस्त्यावरचे फेरीवाले टेक्कासारख्या केंद्रांत हलवायचे, त्यांना नळ आणि गटार द्यायचं, हा सरकारचा हेतू होता. १९८६ पर्यंत ते काम उरकलं. सलोखा या आरोग्याच्या कामाच्या पोटी जन्माला आला.

युनेस्कोने २०२० मध्ये फेरीवाल्यांच्या या खाद्यसंस्कृतीला मानवतेच्या वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा कौतुकाला उधाण आलं. त्यात थोडा भाबडेपणा आहे. नुसत्या सहभोजनाने जात मरत नाही, हे बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्येच बजावलं होतं. त्यांचा भर बेटी व्यवहारावर होता. टेक्कातही टेबल एक असलं, तरी ताट एक नाही. समोरच्याच्या नूडल्सचा एक घास चाखून बघण्याची सोय त्या मुसलमानाला नाही.

पण शेजारी कोण बसलंय, यावरून त्याचं जेवण बाटत नाही. पुण्याच्या त्या चहाच्या तुलनेत ही मजल लहान नव्हे.

जेवण झाल्यावर ट्रे स्वतः उचलून ठेवावा लागतो. २०२१ पासून न ठेवणाऱ्याला दंडही होऊ शकतो. ट्रे ठेवायच्या मांडण्या दोन असतात: एक हलाल, दुसरी बाकी सगळ्यांची.