रात्रपाळीचं रजिस्टर

चि. मनू,


व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक म्हणून रुजू होते आहेस, हे ऐकून फार बरं वाटलं. केंद्र चांगलं आहे की नाही हे कसं ओळखायचं, असं तू विचारलंस. माझी सगळी नोकरी वॉर्डात गेली, तेव्हा नर्सला जे दिसतं तेच सांगते.

पहिल्या दिवशी तुला योगाचा हॉल दाखवतील, बाग दाखवतील, भिंतीवरची सुवचनं दाखवतील. ते बघून झालं की रात्रपाळीचं रजिस्टर बघायला माग. रात्री ड्यूटीवर कोण असतं, त्याला काय येतं, बोलावल्यावर डॉक्टर किती वेळात पोचतात, एवढं त्यातून कळलं की बाकीचं आपोआप कळतं.

दारू सोडवणं हे पहिल्या आठवड्यात वैद्यकीय काम आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम थांबली की काही तासांतच हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते. त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत काहींची शुद्ध हरपते. भिंतीवर किडे दिसतात, कोणी मारायला येतंय असं वाटतं, ताप चढतो, नाडी धावते, माणूस उठून पळत सुटतो. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो. आणि हे बहुधा रात्री वाढतं, जेव्हा केंद्रात सगळ्यात कमी माणसं असतात.

शिकलेलं माणूस जागं नसेल, तर हा दंगा करतोय असं ठरवून त्याला खाटेला बांधतात, वर दोन थोबाडीत देतात. नर्स असेल तर ती नाडी, ताप, रक्तदाब लिहून काढते आणि डॉक्टरांना उठवते. मग क्लोरडायझेपॉक्साइडचा डोस ठरतो. यकृत खराब असेल तर त्याऐवजी लोराझेपाम. सलाइनमधून ग्लुकोज सुरू करण्याआधी थायमिनचं इंजेक्शन जातं. थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात ते जवळजवळ उरलेलं नसतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, माणसाला कालचं आज आठवत नाही. अगदी स्वस्त औषध आहे. तुमच्या कपाटात आहे का, ते बघ. समुपदेशकाने हे कशाला बघायचं, असं कोणी म्हटलं तरी बघ.

मारहाणीला काही ठिकाणी 'शिस्त' म्हणतात. कोणाचं डोकं भादरलेलं दिसलं, कोणाकडून जबरदस्तीने संडास धुऊन घेतलेले दिसले, तर गप्प बसू नकोस. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारू आणि ड्रग्जमुळे होणाऱ्या मानसिक आजारांनाही लागू आहे. त्यात साखळदंडाला पूर्ण बंदी आहे, एकट्याला कोंडून ठेवायला बंदी आहे, सक्तीने केस कापायला आणि राबवून घ्यायलाही बंदी आहे. तत्काळ इजेचा धोका टाळायला दुसरा मार्गच नसेल, तरच आणि मनोविकारतज्ज्ञांच्या परवानगीने रुग्णाला धरून ठेवता येतं. तमिळनाडूत एरवाडीला २००१च्या ऑगस्टमध्ये आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले. बांधलेल्या माणसाला पळता येत नाही, एवढी साधी गोष्ट कळायला आपल्याला इतके जीव द्यावे लागले.

याउलट १९८६ साली पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाईंनी त्याला मदतीचा हात दिला. धाक न दाखवता, प्रेमाने माणूस सावरतो, हे तिथे मराठी माणसाने डोळ्यांनी पाहिलं. व्यसनातून बाहेर पडलेला माणूसच नव्याने आलेल्याला धीर देतो, ही रीत मला फार मोलाची वाटते. टर्की, म्हणजे नशा एकदम थांबल्यावरचा त्रास, सोसलेल्या माणसाइतकं ते दुखणं आपल्याला पुस्तकातून कळत नाही. पण सहा महिन्यांपूर्वी दारू सुटलेल्या मुलाला बारा तासांची रात्रपाळी एकट्यावर सोपवायची, आणि त्याला ना प्रशिक्षण ना धड पगार, हे मला मुळीच पटत नाही. त्यात रुग्णाचा जीव टांगणीला लागतो आणि त्या मुलाचाही.

तुझं स्वतःचं काम खरं तर डिस्चार्जच्या आठवड्यात आहे. महिना-दोन महिने गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, न घेतलेल्या शरीराची सवय मोडलेली असते. बाहेर पडून त्याने पूर्वीचाच डोस घेतला तर श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. हे त्याला आणि घरच्यांना समोर बसवून सांग. कशाला आत्तापासून वाईट बोलायचं, असं म्हणून अनेकजण टाळतात. तू टाळू नकोस. दारू सोडवायची डायसल्फिरामची गोळी नवऱ्याच्या नकळत आमटीत घालणाऱ्या बायका तुला भेटतील. वर तो दारू प्यायला तर जीवावर बेतू शकतं, हेही त्यांना न रागावता समजाव. त्या बिचाऱ्या थकलेल्या असतात.

आणि जो पुन्हा पिऊन दारात येईल, त्याला आधी आत घे, बसव, पाणी दे. मधुमेहाच्या रुग्णाची साखर पुन्हा वाढली म्हणून आपण त्याला ओपीडीतून हाकलत नाही. २०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात असं दिसलं की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कधीतरी उपचार मिळतात. परत आलेला माणूस म्हणजे त्या ३८ जणांमधला तो एक असतो. 'काय रे, एवढं करून शेवटी प्यायलासच ना?' हे वाक्य त्याला घरी, गल्लीत, कामावर सगळीकडे ऐकायला मिळालेलं असतं. कधी प्यायला, त्या दिवशी काय घडलं, आधी झोप कशी होती, हे विचार आणि लिहून ठेव. पुढचे उपचार त्यावरूनच ठरतील.

पहिल्या महिन्यातच एक रात्र वॉर्डात थांबायची परवानगी मागून घे. ताई नको म्हणेल. तिला मी समजावते.

तुझी,
मावशी