झाड लावणे आणि पाणी राखणे

1 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर हे पाच आठवडे जगभरची अनेक चर्च सृष्टीसाठीच्या प्रार्थनेचा काळ म्हणून पाळतात. शेवटचा दिवस असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणाचा. आपल्याकडेही या काळात चर्चच्या आवारात रोपे लागतात, मुले परसबागेत मेथी-पालक पेरतात आणि प्रवचनात पोप फ्रान्सिस यांच्या 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाचा दाखला येतो. हे सगळे चांगलेच आहे. पण त्याभोवती चालणारी चर्चा फार उथळ आहे. ती ठरलेल्या दोन सुरांत चालते. एक म्हणतो, ख्रिस्ती धर्माने माणसाला सृष्टीचा धनी केले आणि तिथूनच नासाडी सुरू झाली. दुसरा बायबलातली वचने वेचून दाखवतो, की आमचा धर्म मुळातच हिरवा आहे. लोक काय मानतात ते कळले की ते जमिनीशी कसे वागतील हेही कळते, असे दोघेही गृहीत धरतात. माझा आक्षेप या गृहीतकाला आहे.

यातल्या पहिल्या सुराचे मूळ ठाऊक असायला हवे. लिन व्हाइट या मध्ययुगीन इतिहासाच्या अमेरिकी अभ्यासकाने 1967 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा निबंध लिहिला. पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्म हा जगातला सर्वांत मानवकेंद्री धर्म आहे; झाडात, झऱ्यात देवत्व पाहणाऱ्या जुन्या श्रद्धा त्याने मोडल्या आणि निसर्ग निर्धास्तपणे ओरबाडायला माणूस मोकळा झाला, असे त्याचे प्रतिपादन होते. व्हाइट स्वतःला चर्चचा माणूस म्हणवत असे, हे त्याला उद्धृत करणारे सोयीने विसरतात. पर्यावरणवाद्यांनी संत फ्रान्सिसला आपला पालकसंत मानावे, ही सूचनाही त्याचीच. पुढे 1979 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तशी अधिकृत घोषणा केली.

व्हाइटचा युक्तिवाद सुबक आहे, म्हणूनच तो टिकला. पण त्याला पहिला तडा पुढच्याच वर्षी गेला. यि-फू तुआन या भूगोलतज्ज्ञाने दाखवून दिले, की निसर्गाशी एकरूप होण्याची शिकवण देणाऱ्या चीनमध्येही जंगले बेसुमार तुटली. विचार आणि वर्तन यांत एवढी दरी असेल, तर विचारावरून वर्तनाचा निवाडा कसा करायचा? यावर व्हाइटचे अनुयायी म्हणतात, चीनमध्ये शिकवण जुनी झाली होती, लोक ती विसरले होते. पण शिकवण विसरून जंगल तुटते हे मान्य केले, तर युरोपातली जंगले शिकवण पाळल्यामुळेच तुटली हे कशावरून? संत फ्रान्सिसची शिकवणही लोक विसरलेच होते की! जिथे नासाडी झाली तिथे धर्म पाळला गेला आणि जिथे नासाडी झाली तिथेच धर्म विसरला गेला, असा दुटप्पी हिशेब मला मान्य नाही.

दूर कशाला, वसईच पाहा. पोर्तुगिजांची सत्ता, ती उखडणारी चिमाजी अप्पांची मराठी फौज, बाटाबाटी हा इतिहास सर्वांना माहीत आहे. महत्त्वाचे हे, की त्या सगळ्या उलथापालथीनंतरही उत्तर वसईच्या वाड्यांत सामवेदी हिंदू आणि सामवेदी ख्रिस्ती शेजारी-शेजारी राहिले, एकच कादोडी बोली बोलत राहिले आणि एकाच तऱ्हेची केळी, पानवेल, भाजी, फुले पिकवत राहिले. बावखलातले, म्हणजे वाडीतल्या तळ्यातले, गोडे पाणी बैलांच्या रहाटाने उपसून दोघांनीही बागा शिंपल्या, दोघांचाही माल पहाटेच्या लोकलने मुंबईच्या बाजारात गेला. व्हाइट खरा असता, तर तीनशे-चारशे वर्षांत या दोन वाड्यांत काही फरक पडायला हवा होता. एकात निसर्ग पूज्य, दुसऱ्यात नुसते साधन. मला असा फरक दिसत नाही. पुढे बंगल्यांसाठी आणि इमारतींसाठी जमिनी विकल्या गेल्या, बावखले मातीने भरली गेली, तेव्हाही विकणारे आणि भरणारे दोन्हीकडे होते. रविवारी मिस्सा न चुकवणारेही त्यांत होते, हे ख्रिस्ती समाजाने स्पष्ट बोलायला हवे.

मग हरित वसईचे आंदोलन कुठून आले? 1980 च्या दशकाच्या अखेरीस वसईची शेतजमीन बांधकामासाठी खुली होऊ लागली आणि टँकरवाले विहिरी उपसू लागले. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या नावाने लोक रस्त्यावर आणले. ‘लाउदातो सी’ यायला अजून पाव शतक होते. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांतही 1998 मधला, म्हणजे नंतरचा. शिकवणीचा कागद हातात येण्याआधी लढा सुरू झाला होता. दिब्रिटोंच्या श्रद्धेला मी कमी लेखत नाही. बायबलाचा इतका आस्थेवाईक मराठी भाष्यकार विरळा. पण हजारो माणसे एका हाकेला गोळा झाली, कारण ती दर आठवड्याला एका आवारात जमतच होती. त्यांच्या गावाला, त्यांच्या विहिरींच्या पाण्याला आणि त्यांच्या धर्मग्रामाला (पॅरिशला) जवळपास एकच शीव होती. ‘सुवार्ता’ मासिक घरोघर जात होते. आणि या लढ्यात हिंदू शेजारीही होते, त्यांनी बायबलातले उत्पत्तीचे पुस्तक वाचलेले नव्हते.

म्हणून मला शिकवणीपेक्षा कृतीतला भेद महत्त्वाचा वाटतो. लावणे वेगळे, राखणे वेगळे. लावण्याने कुणी दुखावत नाही. रोप लावले म्हणून कुणाचा धंदा बुडत नाही. राखायला गेले की कुणाला तरी ‘नाही’ म्हणावे लागते आणि तो ‘कुणी’ पुष्कळदा आपल्याच बाकावर बसणारा असतो. आमचे वचन वेचणारे मित्र उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायाचा दाखला देतात: आदामाला बागेत मशागतीसाठी आणि राखणीसाठी ठेवले होते. दाखला अचूक आहे. पण आज आपली सगळी हौस मशागतीवर संपते.

परसबागेला मी क्षुल्लक मानत नाही. माती हाताला लागलेल्या मुलाला पुढे पाण्याची गोष्ट सांगणे सोपे जाते. पण बाग कोणत्या पाण्यावर उभी आहे, हे विचारलेच पाहिजे. किनाऱ्याच्या वाळूमिश्रित जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगणाऱ्या पातळ थरासारखे असते. उपसा वाढला की खारे पाणी वर सरकते, विहीर मचूळ होते आणि मग तिथे केळ जगत नाही. टँकरच्या पाण्यावर फुललेली सामुदायिक बाग दुसऱ्या कुणाची तरी विहीर खारी करून हिरवी राहिलेली असते. तिला संवर्धन म्हणणे मला पटत नाही.

राखणीची परंपरा एका धर्माची मक्तेदारीही नाही. सह्याद्रीतल्या देवराया माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात अभ्यासल्या. वाळलेली काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही असा दंडक जिथे होता, तिथे त्या टिकल्या. उत्तर इथिओपियाच्या उघड्या-बोडक्या डोंगराळ प्रदेशात हिरवे ठिपके दिसतात ते ऑर्थोडॉक्स चर्चभोवतीच्या वनांचे. पुष्कळ वने काही हेक्टरांचीच. अलेमायेहू वासी या तिथल्या वनशास्त्रज्ञाने गावकरी आणि धर्मगुरू यांच्यासोबत यांतल्या काही वनांभोवती दगडी गडगे उभारण्याचे काम केले. गुरे आत शिरेनाशी झाली, तशी रोपे आपोआप उगवू लागली. देवाची कल्पना अगदी वेगळी, पण ‘इथून पुढे नाही’ हा नियम दोन्हीकडे एकच.

वसईत मात्र हा नियम ढिला पडत गेला. 2009 मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली, गावे तिच्यातून वगळण्यासाठी मोठे आंदोलन झाले, त्याच लाटेवर आंदोलनाचे नेते विवेक पंडित विधानसभेत गेले. त्यानंतर हळूहळू राखणीची जागा लावणीने घेतली. जुलै 2018 च्या पुरात वसई पाण्याखाली गेली, तेव्हा पाणी कुठे जिरत होते आणि आता कुठे जिरत नाही याची आठवण सर्वांना झाली, ती ओसरलीही. तरी काही गावांतल्या तरुणांनी कचऱ्याने भरलेली बावखले उपसून साफ केली आहेत. हे काम मला शंभर वृक्षारोपणांपेक्षा मोलाचे वाटते, कारण बावखल कुणाच्या तरी जागेत असते आणि ते राखायचे तर त्या मालकाशी बोलावे लागते.

चर्चकडे या कामासाठी एक साधन आहे, जे इतर संघटनांकडे क्वचित असते. बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांच्या नोंदी पिढ्यान्पिढ्या ठेवण्याची सवय. प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या हद्दीतल्या बावखलांची आणि विहिरींची तशीच वही उघडावी, मग मालक कोणत्याही धर्माचा असो. सर्व्हे नंबर, मालकाचे नाव, मे महिन्यातली पाण्याची पातळी, पाण्याचा खारटपणा. दरवर्षी पावसाळ्यापूर्वीच्या एका रविवारी ती मिस्सेनंतर आवारात वाचून दाखवावी. कोणते बावखल या वर्षी भरले गेले आणि कुणी भरले, तेही. शेजारच्या हिंदू वाड्यांतल्या लोकांनाही त्या वाचनाला बोलवावे. पॅरिश कौन्सिलमध्ये यावर वाद होतील, काही कुटुंबे नाराज होतील, देणग्याही कदाचित कमी होतील. ते सोसायची तयारी असेल, तर येत्या सप्टेंबरची रोपे खुशाल लावावीत.