स्वाइप केलं म्हणजे बंद झालं का?



आजचा श्लोक: गीता, अध्याय ३, श्लोक ६.

काल पाचव्या श्लोकात आपण पाहिलं की क्षणभरही कुणी काही न करता राहू शकत नाही, प्रकृती प्रत्येकाला कामाला लावतेच. आज भगवान त्याच्या पुढची पायरी सांगतात. साध्या शब्दांत अर्थ असा, की एखादा माणूस हात, पाय, वाणी ही कर्मेंद्रियं आवरून बसला, पण मनाने त्याच विषयांचं चिंतन करत राहिला, तर तो स्वतःलाच फसवतोय. अशा माणसाला भगवंतांनी शब्द वापरलाय ‘मिथ्याचार’, म्हणजे ज्याचं आचरण खोटं आहे असा.

इतकी वर्षं हा श्लोक वाचताना माझ्या डोळ्यांसमोर कुणीतरी दुसराच यायचा. कुणी ढोंगी बुवा, कुणी टीव्हीवरचा महाराज. गेल्या मंगळवारी लोकलमध्ये कळलं की तो माणूस मीच आहे.

आधी माझी एक सवय सांगतो. सकाळी जपाला बसण्याआधी मी फोन घेतो आणि उघडी असलेली सगळी अ‍ॅप्स एकेक करून वर सरकवून टाकतो. पंधरा-वीस कार्डं असतात. सगळी गेली की रिकामा स्क्रीन दिसतो आणि अंगण झाडून सडा घातल्यासारखं वाटतं. मग जप मोजायचं अ‍ॅप उघडतो (हसू नका, माळ कपाटातच राहते) आणि बसतो. एका दगडात दोन पक्षी, अशी माझी समजूत. मनही मोकळं झालं आणि बॅटरीही वाचली.

तर मंगळवारी संध्याकाळी दादरहून डोंबिवलीला जाणारी फास्ट लोकल पकडली. सकाळी १०० टक्के भरलेली बॅटरी तेव्हा ९ वर होती. घाटकोपर सुटलं आणि फोन वाजला. नाव पाहिलं, दादा.

दादा माझा सख्खा मोठा भाऊ, पुण्याला असतो. गेल्या गणपतीपासून आम्ही बोललेलो नव्हतो. बाबा गेल्यावरचा तो पहिलाच गणपती. मूर्ती कुणाच्या घरी बसवायची यावरून सुरू झालं आणि बाबांच्या आजारपणात कोण किती वेळा दवाखान्यात आलं इथपर्यंत गेलं. मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर थेट हा फोन. उचलला. ‘अरे, ऐक ना, बाबांच्या…’ एवढंच ऐकू आलं आणि स्क्रीन काळा झाला. फोन मेला.

पहिला विचार आला की दादाला वाटणार, मीच कट केला.

शेजारच्याचा फोन मागून लावता आला असता, पण दादाचा नंबर पाठ कुठे आहे? लहानपणीचा घरचा लँडलाइन नंबर अजून तोंडपाठ आहे, दादाचा मोबाइल नाही. पुढचा अर्धा तास गर्दीत नुसतं उभं राहायचं होतं. म्हटलं, चला, नाम घेऊया. अ‍ॅप नाही तर बोटांच्या पेरांवर मोजूया. डोळे मिटले आणि सुरुवात केली.

ठाणं आलं तेव्हा पेरांवरच्या मोजणीप्रमाणे दोन माळा झाल्या होत्या. त्याच वेळात मनात गणपतीचं भांडण पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा होऊन गेलं होतं. त्या दिवशी न सुचलेली उत्तरंसुद्धा या वेळी सुचली होती. ओठांवर नाम आणि आत दादाला सुनावणं, दोन्ही एकाच वेळी व्यवस्थित चालू होतं.

तिथे हा सहावा श्लोक आठवला आणि अंगावर काटा आला. आठ महिने मी दादाला एकही वाईट शब्द बोललेलो नाही, एक मेसेजसुद्धा टाकलेला नाही. लोकांना सांगायचो, ‘मी तो विषय सोडून दिलाय.’ वाणी आवरली होती, हातही आवरला होता. मन मात्र आठ महिने त्याच विषयाची उजळणी करत बसलं होतं.

घरी आलो, चार्जर लावला आणि दादाला फोन करण्याआधी दोन मिनिटं सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं, बॅटरी एवढी लवकर जाते कुठे. वर एक खरेदीचं अ‍ॅप दिसलं. दिवसभरात मी ते तीन मिनिटं उघडलं होतं आणि पडद्यामागे ते काही तास चालू होतं. कधीतरी घाईत मी त्याला लोकेशनची परवानगी ‘कायम’ अशी देऊन ठेवली होती. रोज सकाळी त्याचं कार्ड मी भक्तिभावाने वर सरकवत होतो, आणि ती परवानगी होती तशीच होती.

मग जरा शोधून वाचलं. जे कळलं ते तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

फोनमध्ये अलीकडे उघडलेल्या अ‍ॅप्सची जी कार्डं दिसतात, ती सगळी ‘चालू’ नसतात. बरीचशी मेमरीत नुसती थांबवून ठेवलेली असतात, म्हणजे पुन्हा उघडली की झटकन समोर यावीत. ती सरकवून काढून टाकली आणि दहा मिनिटांनी परत उघडली, तर फोनला सगळं पहिल्यापासून लोड करावं लागतं आणि त्यातच जास्त बॅटरी जाऊ शकते. अ‍ॅपलचाही सल्ला असाच आहे की अ‍ॅप अडकून बसलं असेल तरच ते असं बंद करा. अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून ‘डोझ’ नावाची सोय आहे. फोन काही वेळ न हलता, स्क्रीन बंद असताना पडून राहिला की अ‍ॅप्सची पडद्यामागची कामं तो आपणहून लांबणीवर टाकतो. म्हणजे नुसत्या पडून राहिलेल्या कार्डाचा त्रास फारसा नसतोच.

बॅटरी खातात त्या गोष्टी वेगळ्याच. मोठा खर्च स्क्रीनचा, खास करून ब्राइटनेस पूर्ण ठेवला तर. नेटवर्क कमजोर असेल तिथे टॉवरशी जोडलेलं राहायला फोनला जास्त जोर लावावा लागतो. आणि पडद्यामागे राहून सारखं लोकेशन विचारणारी, सारखं काहीतरी डाउनलोड नाहीतर सिंक करणारी अ‍ॅप्स. तिथे स्वाइपचा उपयोग नाही, परवानगीच बदलावी लागते. सेटिंगमध्ये बॅटरीच्या पानावर कुठलं अ‍ॅप किती खातं ते दिसतं. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये त्या अ‍ॅपवर टॅप केलं की त्याला पडद्यामागे किती मोकळीक द्यायची ते ठरवता येतं. आयफोनमध्ये ‘बॅकग्राउंड अ‍ॅप रिफ्रेश’ प्रत्येक अ‍ॅपसाठी वेगळं बंद करता येतं. आणि लोकेशन ‘फक्त अ‍ॅप वापरताना’ असं ठेवता येतं.

आता आपल्या श्लोकाकडे परत येऊ.

तोंड बंद ठेवणं, दादाला ब्लॉक न करणं, स्टेटसवर टोमणे न मारणं ही माझी कार्डं सरकवणं होती. बाहेरून पाहणाऱ्याला स्क्रीन रिकामा दिसत होता. पण ‘दादाने माझ्यावर अन्याय केला’ या विचाराला मी ‘कायम’ची परवानगी देऊन ठेवली होती. कुठेही गेलो तरी तो आपलं लोकेशन विचारायचाच. दुकानात मोदकाचा साचा दिसला की तो चालू. कुणी आपल्या भावाबद्दल प्रेमाने बोललं की चालू. दवाखान्यावरून बस गेली की चालू. संध्याकाळी मी दमायचो आणि म्हणायचो, ‘आज काहीच केलं नाही तरी एवढा थकवा कसा?’

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, ६२ आणि ६३ व्या श्लोकांत, भगवंतांनी या खर्चाचा हिशोबच मांडलाय. विषयाचं चिंतन केलं की आसक्ती जडते, आसक्तीतून इच्छा, इच्छेतून क्रोध, क्रोधातून मोह, मग स्मृती ढळते आणि शेवटी बुद्धीचा नाश. सुरुवात कृतीपासून नाही, नुसत्या चिंतनापासून होते. जे पडद्यामागे चालतं, तिथूनच सगळा खर्च सुरू होतो.

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यात विनोबा कर्माला ‘विकर्मा’ची जोड मागतात. विकर्म म्हणजे बाहेरच्या कर्माच्या सोबतीने आत मनाने करायचं काम. ती जोड नसेल तर बाहेरचं कर्म कोरडं राहतं. माझ्या लोकलमधल्या दोन माळा अशाच कोरड्या होत्या.

पण मंडळी, इथे एक जपा. हा श्लोक वाचून ‘मी ढोंगी आहे’ म्हणत स्वतःला झोडपत बसू नका. मन भरकटणं वेगळं आणि भरकटलेल्या मनाकडे डोळेझाक करून ‘मी शांत आहे’ असं मिरवणं वेगळं. सहाव्या अध्यायात अर्जुन सरळ सांगतो की हे मन वाऱ्यासारखं आहे, मला आवरत नाही. तेव्हा भगवान त्याला रागवत नाहीत. तू म्हणतोस ते खरंच आहे, असं आधी मान्य करतात आणि मग अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय देतात. त्याच अध्यायात थोडं आधी, २६ व्या श्लोकात, अभ्यासाची रीतही सांगितलीय. मन जिथे जिथे पळेल तिथून तिथून त्याला परत आणायचं. किती वेळा, याचा आकडा दिलेला नाही.

आणि सगळंच बंद करायचं असंही नाही. फोनवरची प्रत्येक परवानगी काढून टाकली तर आईचा मेसेजही वेळेवर येणार नाही. काही गोष्टी पडद्यामागे चालू राहायलाच हव्यात. आठव्या अध्यायाच्या सातव्या श्लोकात भगवान अर्जुनाला सर्व काळ स्मरण ठेवायला सांगतात आणि त्याच श्वासात लढायलाही सांगतात. काम पुढे, स्मरण मागे, दोन्ही एकत्र. बाळाला पाळण्यात निजवून स्वयंपाक करणारी आई पाहिलीय ना? हात पोळी लाटतात, कान पाळण्याकडे. त्या कान देण्याने ती थकत नाही. नामालाही मनात अशीच जागा द्यायची. ‘कायम’ची परवानगी द्यायचीच असेल तर त्याला द्या.

आजचा अभ्यास छोटासाच आहे. रात्री झोपण्याआधी फोनचं बॅटरीचं पान उघडा आणि कुठलं अ‍ॅप पडद्यामागे सगळ्यात जास्त खातंय ते पाहून त्याची परवानगी कमी करा. मग फोन बाजूला ठेवा आणि हाच प्रश्न मनाला विचारा. आज मी कुणाशी आतल्या आत सगळ्यात जास्त बोललो? एकच नाव घ्या. ते दाबू नका, त्याच्याशी भांडूही नका. ‘हे चालू आहे’ एवढं फक्त देवासमोर कबूल करा. आणि शक्य असेल तर उद्या त्या माणसासाठी एक छोटी गोष्ट करा. आतला विचार हटत नसेल तेव्हा हाताने केलेलं एखादं बरं काम कधीकधी त्याला हलवतं.

माझं काय झालं ते सांगायचं राहिलंच. फोन १५ टक्के झाला तसा दादाला लावला. म्हटलं, ‘दादा, कट नाही केला रे, बॅटरी गेली.’ तो म्हणाला, ‘मला वाटलंच.’ यातलं ‘वाटलंच’ कुठल्या अर्थाने, हे मी विचारलं नाही. बाबांच्या बँकेच्या कागदांवर माझी सही हवी होती. चार-पाच मिनिटं कागदांबद्दल बोललो. शेवटी ठेवता ठेवता त्याने विचारलं, ‘जेवलास का?’ म्हटलं, ‘नाही अजून.’ ‘जेव मग,’ म्हणाला आणि ठेवला.

माफी मी अजून मागितलेली नाही. शनिवारी सह्या करायला पुण्याला जातोय. कागद टपालानेही पाठवता आले असते, पण मी जातोय. जाताना कपाटातली माळ बरोबर घेणार आहे. गाडीत मन पुन्हा त्या भांडणाकडे जाईल, हे माहीत आहे. जाईल तेव्हा परत आणीन.

उद्या सातवा श्लोक. मिथ्याचार सोडून खरं आचरण कसं असतं, ते भगवान तिथे सांगतात.

राम कृष्ण हरी.