गंज दैवाने चढत नाही

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात व्हाइट या गावी १९३१ साली एक दुकान निघाले. पुढे त्यामागच्या सुमारे ३४ एकर रानात चार हजारांवर जुन्या मोटारी साचल्या. ओल व हवा लागून लोखंड गंजले. सांगाड्यांतून झाडे वाढली.

यात मोटार कोणती? चाक? इंजिन? भदंत नागसेनांनी राजा मिलिंदाला रथाविषयी हेच विचारले होते. भाग जुळलेले असतात तोवरच ते नाव.

मग सारेच अनित्य म्हणून हातावर हात धरून बसावे काय? मुळीच नाही! गंज दैवाने चढत नाही, कारणाने चढतो. कारण कळले की उपाय हाती येतो. घरची सायकल पुसा, तेल घाला, मुलीला शाळेत जाऊ द्या. वस्तू झिजणारच, मग कोणाच्या तरी उपयोगी पडून झिजू द्या.